जोडनगाऱ्यातला उरलेला

मित्रांनो, मी एक जुना नगारा आहे. पण हे वाक्य अर्धेच खरे आहे, कारण मी स्वतःच अर्धा उरलो आहे. आम्ही दोघे होतो. मी मोठा, ती लहान. गोंधळी कमरेला बांधतात तो संबळ तुम्ही पाहिला असेल. आमची घडण तशीच. मातीची दोन भांडी, त्यांच्या तोंडावर ताणलेले कातडे, आणि दोन्ही भांडी मधोमध चामड्याच्या वादीने घट्ट बांधलेली. मला बम म्हणत आणि तिला झील. बम म्हणजे खर्ज, झील म्हणजे चढा सूर.

मी रागावलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जुन्या वस्तूंनी गोड बोलावे, डोळे पुसावेत आणि सगळ्यांना आशीर्वाद द्यावा, असे तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

आमचा जन्म अझरबैजान देशातला. कॅस्पियन समुद्राच्या काठी बाकू नावाचे शहर आहे, त्याच्या शेजारच्या गावात. कुंभाराने मातीच्या एकाच गोळ्यातून आम्हाला घडवले आणि एकाच भट्टीत भाजले. कातडे एकाच बकऱ्याचे. वादी ओढून गाठ मारली, त्यानंतर मी कधी एकटा वाजलो नाही. काठी माझ्यावर पडली की ती थरथरायची. काठी तिच्यावर पडली की माझे पोट घुमायचे. वाजवणाऱ्याला वाटते, आपण दोन आवाज काढतो. आम्हाला ते कधी दोन वाटले नाहीत.

आमचे काम लग्नातले. आमच्याकडे लग्नात मेयखाना होतो. नाव ऐकून तुम्हाला दारूचा गुत्ता आठवेल, पण हा खेळ आहे शब्दांचा. तुमच्याकडे शाहिरांमध्ये सवाल-जवाब होतात, त्यांचा हा लांबचा भाऊ. एकजण शेवटचे शब्द ठरवून देतो. मग जमलेल्यांनी पाळीपाळीने, जागच्या जागी, ठेक्यावर ओळी रचायच्या, समोरच्या पक्षाची खोडी काढायची आणि त्याच ठरलेल्या शब्दांवर येऊन थांबायचे. लिहून आणलेले चालत नाही. पाठ केलेले तर लगेच पकडले जाते. बाकीचे लोक चुटक्या वाजवतात, टाळ्या देतात. नियम दोनच. जवाब येईपर्यंत ठेका थांबवायचा नाही. आणि रागवायचे नाही, कारण ज्याची खोडी काढली तो आपला. ज्याला कोणीच काही बोलले नाही, त्याने घरी जाऊन विचार करावा की आपण यांच्यात मोजले जातो की नाही.

वागिफ नावाचा आमचा मालक आम्हाला घेऊन मँचेस्टरला आला, ते दोन हजार साल होते. दिवसा तो बेकरीची व्हॅन चालवायचा आणि शनिवारी लग्नात वाजवायचा. मँचेस्टरची हवा आम्हाला मानवली नाही. तिथला ओलावा कातड्यात शिरतो आणि कातडे सैल पडते. वागिफ आम्हाला कोटाच्या आत धरून बसायचा, अंगाच्या उबेने वाळवायचा. पण म्हणून तो साधू होता असे समजू नका. कीबोर्डवाल्याशी भांडण झाले की तो आम्हाला व्हॅनमध्ये पावाच्या रिकाम्या ट्रेखाली टाकून द्यायचा. हळूहळू कीबोर्डच जास्त झाले. बटण दाबले की आमचा ठेका आमच्याशिवाय वाजू लागला. मला तेव्हाही राग यायचा. ती मात्र हसायची. ती म्हणायची, बटणाला थांबता येत नाही, आणि समोरचा शब्द शोधतोय हे त्याला कळतही नाही.

दोन हजार सहा साली वागिफच्या भाच्याचे, एल्चिनचे, लग्न ठरले. मुलगी मराठी होती. तिचे नाव उर्वी. वडील डॉक्टर पद्माकर, तिथल्या हॉस्पिटलात. आई मीनाक्षी. सकाळी मराठी पद्धतीने लग्न लागले आणि दुपारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये आमची पाळी आली.

नादिर आमचा सर्वांत तिखट जिभेचा गडी. त्याने शब्द दिले, 'जवाब वेर'. म्हणजे जवाब दे. मग त्याने सरळ मुलीच्या बापाला धरले. एल्चिन माइकवर त्याचा अर्थ इंग्रजीत सांगत होता. नादिर म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, आमच्या पोराला तुम्ही वेटिंग लिस्टवर ठेवलंत. होकाराची वाट बघता बघता त्याचे केस गळले. आता टक्कलावर औषध आहे का तुमच्याकडे? जवाब वेर!’

आमची माणसे हसून लोळली. मराठी टेबलांवर मात्र कोणी हसेना. हातातले चमचे हातातच राहिले.

‘हे काय चाललंय?’ जयंत म्हणाले. जयंत हे डॉक्टरांचे जुने मित्र, तिथल्या महाराष्ट्र मंडळाचे. ‘भर हॉलमध्ये मुलीच्या बापाची टिंगल? पद्माकरराव, उठा. आपल्याकडे असलं खपवून घेत नाहीत.’

‘काका, इट्स अ गेम!’ उर्वी नवरीच्या वेशात धावत आली. ‘दे वॉन्ट अ रिप्लाय. आता आपला बारी आहे. कोणीतरी बोला ना, प्लीज!’

‘काय बोलायचं? यांना शोभत नाही आणि आपल्याला येत नाही,’ जयंत म्हणाले.

डॉक्टर मान खाली घालून बसले होते. मुलीकडचे सगळे गप्प. आणि आम्ही वाजतच होतो, कारण जवाब येईपर्यंत थांबायचे नाही. मित्रांनो, असा रिकामा ठेका वाजवत राहणे फार वाईट असते. समोर कोणी हात पुढे केलेला असावा आणि दुसऱ्याने तो घेऊच नये, तसे. वागिफच्या कपाळावर घाम आला. नादिरच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. आपण पाहुण्यांना दुखावले, हे त्याला उमगले होते. एका लग्नात दोन घरे जुळायच्या ऐवजी तिथेच तुटली असती.

तेव्हा मीनाक्षी उठली. पैठणीचा पदर खोचला, आमच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि थोडा वेळ नुसती मान हलवत आमचा ठेका ऐकत राहिली. मग बोटाने वागिफला खूण केली, जरा हळू. आणि म्हणाली,

‘समोशाला चटणी लागते, कबाबाला कांदा,
नादिरभाऊ, दुसऱ्याला टोमणे हाच तुमचा धंदा.
पद्माकरांचं नाव घेते, हाच माझा आहेर,
लेक दिली, जीभ ठेवली — जवाब वेर!’

शेवटच्या दोन शब्दांवर काठी झीलवर पडली आणि ती जशी वाजली, तशी त्याआधी कधी वाजली नव्हती. उर्वीने कानात सांगितलेला अर्थ एल्चिनने माइकवर सांगितला आणि हॉल हशाने फुटला. नादिरने टोपी काढून मीनाक्षीपुढे मान वाकवली. आमच्याकडे बहिणीला बाजी म्हणतात. ‘बाजी,’ तो म्हणाला, ‘तू कुठल्या गावची? आमच्याच गावची असशील.’

‘सांगलीची,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडे हे बायका हळदीकुंकवाला करतात. त्याला उखाणा म्हणतात. तुम्ही उगाच एवढा मोठा नगारा आणता.’

मग नादिर डॉक्टरांकडे वळला. आता नवऱ्याचा जवाब हवा. मीनाक्षीही म्हणाली, ‘अहो, घ्या की माझं नाव. आपल्या लग्नात घेतलं नाहीत. लेकीच्या लग्नात तरी घ्या.’

डॉक्टर लाजले. ‘अगं, इतक्या लोकांत काय? पुढच्या वेळी घेईन.’

एल्चिनने माइकवर याचाही अर्थ सांगितला आणि लोक पुन्हा हसले. पुढच्या वेळी! मी तेव्हा हसलो नाही आणि आजही हसत नाही.

त्यानंतर मँचेस्टरमध्ये आमचे लग्न असले की मीनाक्षीला बोलावणे यायचेच. नादिर सवाल टाकायचा, ती जवाब द्यायची, अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी, शेवट आमच्या भाषेत. डॉक्टर दर वेळी मागच्या खुर्चीत बसायचे आणि तिने त्यांच्याकडे पाहिले की हाताने नंतर, नंतर अशी खूण करायचे. वागिफची बोटे संधिवाताने आखडू लागली, तेव्हा त्याने जोडी तिच्या हवाली केली. ‘रोज वाजवा,’ एवढेच तो म्हणाला.

ती रोज वाजवायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्हाला ठेवायची आणि कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ठेका धरायची.

‘अगं, शेजारी कौन्सिलला तक्रार करतील,’ डॉक्टर पेपरातून म्हणायचे.

‘करू देत. कौन्सिललाही उखाण्यात घालीन.’

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची आणि वाद्यांची पूजा करायची, ही तुमची रीत मला तिच्यामुळे कळली. ती कोरडे कुंकू लावायची, तेही खाली मातीला. झेंडूचे एक फूल शेजारी ठेवायची आणि लगेच काठ्या उचलायची. ‘वाजवलं की पूजा झाली,’ असे म्हणायची. आमचे ते सुखाचे दिवस होते. ते सुखाचे होते हे मला तेव्हा कळत नव्हते, याचाही मला राग आहे.

दोन हजार आठच्या सुरुवातीला ती आजारी पडली. डॉक्टरांच्या घरात, इतक्या डॉक्टरांच्या ओळखी असताना. आजाराचे मी काही सांगणार नाही. शेवटी शेवटी ती आम्हाला पलंगावर घ्यायची आणि काठ्यांशिवाय, नुसत्या बोटांनी झीलवर टिचक्या मारायची. एके दिवशी तिला हॉस्पिटलात नेले. आम्ही पलंगावरच होतो. ती परत आली नाही.

पद्माकरांनी आम्हाला उचलले आणि दिवाणखान्यातल्या फळीवर तिच्या फोटोशेजारी ठेवले. आम्हालाही चंदनाचा हार घातला. काठ्या कपाटात बंद केल्या. वागिफचा फोन आला, एक लग्न आहे, जोडी पाठवा. पद्माकर म्हणाले, ‘नाही. ती मीनाक्षीची आहे.’ उर्वी आली. तिने नुसता हात पुढे केला तर ते म्हणाले, ‘हात नको लावूस. तिची बोटं लागलीत त्याला.’

मला सांगा, हे प्रेम आहे का? जिने आयुष्यभर गप्प बसायला नकार दिला, तिच्या आठवणीसाठी आम्हाला गप्प बसवायचे? फळीवर धूळ बसू नये म्हणून ते रोज आमच्यावरून फडके फिरवायचे. हळू, फार हळू. मला वाटायचे, अरे मार. एकदा तरी मार. कातडे ठोकण्यासाठी असते, पुसण्यासाठी नाही. पण नगाऱ्याला स्वतः ओरडता येत नाही. कोणीतरी हात उचलावा लागतो.

मग खंडेनवमी आली. मीनाक्षी नसतानाची पहिली. पद्माकरांनी ठरवले की या वर्षी सगळे यथासांग करायचे, तिच्यापेक्षाही नीट. आम्हाला पाटावर ठेवले. पळीने पाणी घातले, मग दूध, मग पुन्हा पाणी. कातड्यावर ओले गंध, ओले कुंकू. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते मनापासून करत होते. वागिफने रोज वाजवा म्हणून सांगितले होते. वाद्याला आंघोळ घालू नका, असे सांगावे लागेल हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. आमच्या देशात कोणी नगाऱ्यावर इतके प्रेम करत नाही.

कातडे भिजून लिबलिबीत झाले. मातीने पाणी प्यायले. ते पाहून पद्माकर घाबरले आणि त्यांनी आम्हाला दिवाणखान्यातल्या, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर ठेवले. हीटिंग पूर्ण वाढवले. झील आतल्या बाजूला होती, तापत्या भिंतीकडे. ओले कातडे सुकताना आवळत जाते, मित्रांनो. ते वादी ओढते, मातीला मुठीत धरते. मी जाड होतो, मी सोसले. तिची माती पातळ. ती आवळली जात होती आणि वादीतून मला ते सगळे कळत होते. आणि मला काही करता आले नाही.

कप फुटावा तसा छोटासा आवाज झाला. तिचा तो शेवटचा आवाज. तो झीलचा सूरसुद्धा नव्हता.

पद्माकर धावत आले. दोन्ही हातांत तुकडे धरून खाली बसले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. मला त्यांची दया आली नाही. खरे सांगतो, जराही नाही.

दुसऱ्या दिवशी जयंत आले. हळहळले. मग म्हणाले, ‘जाऊ द्या, पद्माकरराव. मोठा तरी वाचला ना! लहान एक ऑनलाइन मागवू. मिळतात हल्ली. जोडी पुन्हा होईल.’

एक तरी वाचला! मला वाटले, त्यांच्या डोक्यावर पडावे. पण तेवढ्यात पद्माकर अशा आवाजात बोलले, जो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

‘जयंत, मागच्या महिन्यात तू मला हेच म्हणालास. वय काही गेलेलं नाही, कोणीतरी बघू, असं. माझ्यासाठीही ऑनलाइनच बघणार होतास का?’

‘अहो, मी आपलं चांगल्यासाठी...’

‘चहा घे आणि जा.’

जयंतांनी चहा घेतला नाही. मी पद्माकरांना माफ केले नाही. पण त्या दिवशी एवढे कळले की या घरात रागावलेला मी एकटा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एल्चिनच्या बहिणीचे, सेव्दाचे, लग्न निघाले. उर्वी आम्हाला न्यायला आली. आम्हाला म्हणजे मला, आणि माझ्या अंगाला वादीने बांधलेल्या त्या तुकड्यांना. पद्माकरांनी ते गोंदाने जोडून परत बांधले होते. दिसायला ती उभी होती. आवाज नव्हता.

‘बाबा, प्लीज. वागिफअंकल म्हणतात, एक तर चांगलं आहे ना.’

‘एक चांगलं आहे असं म्हणू नकोस, उर्वी. पुन्हा म्हणू नकोस.’ मग ते म्हणाले, ‘मी घेऊन येतो.’

मीनाक्षीच्या शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, ते मला ट्राममधून घेऊन गेले. हॉल तोच होता. वागिफने शाल सोडली आणि झीलला पाहिले.

‘काय केलंत हे?’

‘पूजा केली.’

‘डॉक्टर, आमच्याकडे आवडत्या माणसाला पाण्यात बुडवून भट्टीवर वाळत घालत नाहीत!’

वागिफने खिशातून चाकू काढला. त्याच्या ओळखीच्या एकाकडे पितळेची लहान नगारी होती. वादी कापायची, तुकडे काढायचे, ती नगारी माझ्या अंगाला बांधायची. मी माझ्या सगळ्या मातीने नको म्हणत होतो.

‘कापू नका,’ पद्माकर म्हणाले. ‘तिला तिथेच राहू द्या.’

‘मग झीलचे ठोके कुठे मारू?’

‘मारू नका. जागा सोडा.’

वागिफने त्यांच्याकडे पाहिले आणि चाकू मिटला. आखडलेल्या बोटांनी त्याने काठ्या धरल्या आणि मला वाजवले. झीलचा ठोका आला की तो काठी उचलायचा आणि हवेतच थांबवायचा. दीड वर्षानंतर मी वाजत होतो, आणि प्रत्येक फेऱ्यात एका जागी खड्डा होता. लोकांना पहिल्यांदा चुकल्यासारखे वाटले. मग त्यांना कळले.

नादिर सुरू झाला. ‘जवाब वेर’ हेच शब्द. त्याने नवऱ्या मुलाला धरले, सासूला धरले, एल्चिनला धरले, जयंतांनाही धरले. जयंतांनी या वेळी हसून हात जोडले. मग तो पद्माकरांच्या खुर्चीपाशी आला, थांबला, त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, आणि पुढे गेला.

मी पेटलो. दया! कालपर्यंत ज्याची खोडी काढत होतात, त्याला आज वगळता? बायको गेली म्हणून माणूस खेळातूनही गेला का?

आणि पद्माकर उठले.

‘नादिर! मला का सोडलंस?’

वागिफने ठेका चालू ठेवला.

‘डॉक्टर, मी... आज कसं...’

‘मी मेलेलो नाही. विचार. काय विचारायचं ते विचार.’

नादिरने टोपी मागे सारली. तो पक्का खेळाडू होता. ठेक्यात आला आणि म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, बाजीला तुम्ही वेटिंग लिस्टवर ठेवलंत. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी म्हणालात. ती पुढची वेळ कधी येते? जवाब वेर!’

पद्माकर उभे. मी वाजत होतो. फेरा आला, गेला. पुन्हा आला. मी म्हणालो, घे. घे तिचे नाव, नाहीतर मी तुला कधीच सोडणार नाही. उर्वीने तोंडावर हात धरला होता. मग ते बोलले. सूर नव्हता, ओळी ठेक्याच्या मागे पडत होत्या.

‘जपून ठेवली जोडी, ती जपता जपता फुटली,
पुढच्या वेळी म्हणता म्हणता वेळच हातची सुटली.
मीनाक्षीचं नाव घेतो, उशिराचा आहेर,
ऐकू येत असेल तर, ग — जवाब वेर.’

एल्चिनने अर्थ सांगितला नाही. कोणी मागितलाही नाही.

आणि मग पंचाईत झाली. सवाल तिला होता. नियम असा की जवाब येईपर्यंत ठेका थांबवायचा नाही. वागिफ थांबेना. लोक चुटक्या वाजवत राहिले. वागिफची बोटे दुखून वाकडी झाली, तेव्हा पद्माकर त्याच्याजवळ येऊन बसले, त्याच्या हातातल्या काठ्या घेतल्या आणि स्वतः वाजवू लागले. त्यांना येत नव्हते. ठोके वाकडेतिकडे पडत होते. पण झीलची जागा आली की त्यांची काठी बरोबर हवेत थांबत होती. ती जागा त्यांना पाठ होती. स्वयंपाकघरात पेपर वाचताना रोज ते ऐकत होते तर!

हॉलवाल्याने वेळ संपल्याचे सांगितले. आम्ही वाजतच ट्रामच्या स्टॉपपर्यंत आलो.

आता मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतो. हार नाही, गंध नाही. सकाळी चहाआधी पद्माकर मला वाजवतात. अजूनही वाईट वाजवतात. शेजारच्यांनी एकदा खरोखरच कौन्सिलला कळवले. मी पद्माकरांना माफ केलेले नाही. त्यांनीही माफी मागितलेली नाही. त्यांनी स्वतःला केले आहे का, ते मला माहीत नाही. आम्ही दोघे त्याबद्दल बोलत नाही. आम्ही वाजतो.

मित्रांनो, तुमच्या घरात जे वाजण्यासाठी केलेले आहे ते वाजवा. त्याची पूजा नंतर करा, नाहीतर करूच नका. जे झिजायचे आहे ते हाताने झिजू द्या, फडक्याने नको. आणि ज्याचे नाव घ्यायचे आहे ते तो माणूस समोर बसलेला असताना घ्या, लाज वाटली तरी, यमक चुकले तरी. पुढची वेळ म्हणून काही नसते. मी पाहिली आहे ती, ती रेडिएटरवर ठेवलेली होती.

आणि कोणी तुम्हाला समजावायला आला, की जाऊ दे, एक तरी वाचला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी मँचेस्टरलाच आहे. त्याला माझ्यासमोर बसवा आणि तेवढ्या काठ्या त्याच्या हातात देऊ नका; झीलची जागा कुठे सोडायची, हे त्याला माहीत नसते.